बांगड्याच्या जागी काय वाढायचं?

मी पंधरा वर्षांची असताना मासे सोडले. मालवणच्या किनाऱ्यावर, ज्या घराचं पोट समुद्रावर चालतं अशा घरात. बाबांची होडी आहे, काका जाळी विणतो आणि आमच्या अंगणाला बाराही महिने मासळीचा वास असतो. एकदा आई विळीवर मोरी कापत होती, तर तिच्या पोटातून पिल्लं निघाली. मोरी म्हणजे लहान शार्क, ही जात अंडी घालत नाही, पिल्लं पोटात वाढवून जन्म देते. ती बोटभर पिल्लं पाहिल्यावर मला मोरी खाववेना. मग काही महिन्यांत कोंबडी-मटण सुटलं आणि सगळ्यात शेवटी बांगडा, कारण तो मला मनापासून आवडायचा.

बाबा काही बोलले नाहीत. त्यांच्या धंद्याला मी पाप समजत नाही, हे मी त्यांना तेव्हाच सांगितलं आणि आजही तसंच मानते. प्रश्न विचारला तो आजीने: "निस्त्याक नाय मगे भात कसो जातलो गो घशाखाली?"

आज मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, आणि मांसाहार सोडलेली मुलं-मुली माझ्याकडे येतात तेव्हा आजीचाच प्रश्न मला सगळ्यात नेमका वाटतो. शंभर ग्रॅम बांगड्यात २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. पानातून तो उचलला आणि भात, पातळ आमटी, बटाट्याची भाजी तेवढी उरली, तर पोट भरतं पण वाढत्या अंगाला लागणारं पुरत नाही. अशा मुलांना चार वाजता भूक लागते, मग बिस्किटं आणि वडापाव. नाव शाकाहाराचं, पण खाणं सगळं मैद्याचं आणि बटाट्याचं. दोष शाकाहाराचा नसतो. रिकाम्या झालेल्या जागी कोणी काही वाढलेलंच नसतं.

शिवराक जेवण आमच्या घरांना नवं नाही. सोमवार पाळतात, संकष्टी असते, श्रावणात महिनाभर चुलीवर मासा चढत नाही. पण ते जेवण ठरावीक दिवसांपुरतं मांडलेलं असतं, त्यात गोडाधोडाचा आणि पालेभाज्यांचा थाट जास्त. बारा महिने त्यावर राहायचं तर कडधान्य रोजचं व्हायला हवं. माझ्या आईने हे कुठेही न शिकता ओळखलं. माशाची वाटी उचललीस तर तिथे दुसरी वाटी आली पाहिजे, असा तिने नियमच केला. कुळीथ, चवळी, मूग, काळे वाटाणे, उन्हाळ्यात ओल्या काजूची उसळ. सगळं आमच्याच स्वयंपाकघरातलं, पूर्वी माशापुढे मागे पडलेलं.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दिवसाला ४३ ग्रॅम प्रथिनं हवीत, मुलाला ४५. हा आकडा ऐकून पालक दचकतात आणि पावडरीचे डबे आणतात. त्याची गरज नाही. सकाळी आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं, दुपारी भाताबरोबर घट्ट वरण आणि वाटीभर दही, संध्याकाळी मूठभर शेंगदाणे, रात्री भाकरी आणि कुळथाची पिठी, झोपताना पेलाभर दूध. एवढ्यात बेरीज ४३च्या पुढे जाते. भातात जे अमिनो आम्ल कमी असतं ते डाळींत भरपूर असतं, म्हणून दोन्ही एका दिवसात पोटात जाऊ द्यावीत. एका घासात जायला हवीत असं नाही.

लोहाचं मात्र जास्त सांभाळावं लागतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयी आढळल्या. त्यांत मासे-मटण खाणाऱ्याही आल्याच, तेव्हा हा केवळ शाकाहाराचा प्रश्न नव्हे. पण पाळी सुरू झालेल्या मुलीने मांसाहार सोडला की तिला अधिक जपावं लागतं, कारण मांसातलं लोह शरीर सहज उचलतं आणि धान्य-कडधान्यांतलं कमी उचलतं. कडधान्याला मोड आणले, पीठ आंबवलं की ते जास्त मिळतं. जोडीला 'क' जीवनसत्त्व हवं: लिंबू, आवळा, पेरू. आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये काजूचे बोंडू झाडाखाली सडून जातात. त्यांत संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त 'क' जीवनसत्त्व असतं. मुलांनी ते जेवणाबरोबर खावेत असं मी प्रत्येक घरी सांगते. आणि चहा जेवणानंतर तासाभराने. त्यातलं टॅनिन लोह अडवतं. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी दप्तरात पडू देऊ नये.

सगळ्यात फसवं आहे ते बी-१२. ते वनस्पतींत मिळत नाही. यकृतात त्याचा साठा असतो, त्यामुळे मासे सोडल्यावर वर्ष-दोन वर्षं काहीच जाणवत नाही आणि घरचे निर्धास्त होतात. मग हातापायांना मुंग्या, थकवा, जीभ लाल होणं, अभ्यासात लक्ष न लागणं. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षं याच कमतरतेचा अभ्यास केला आहे, आणि गरोदर स्त्रियांमध्ये ती किती सर्रास आढळते ते त्यातून पुढे आलं. आजची पंधरा वर्षांची मुलगी उद्याची आई असू शकते, म्हणून मला हे विशेष लागतं. दूध, दही, पनीर रोज पोटात गेलं तर बरंच भागतं. अंडं चालत असेल तर उत्तमच, मी खाते. ज्याने दूधही सोडलं, त्याला डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावीच लागते, त्याला घरगुती पर्याय नाही.

पालकांनी आणखी एक पाहावं: मूल नेमकं काय सोडतंय. प्राण्यांच्या मायेने मासे सोडणारी मुलगी उसळ आवडीने खाते. पण मासे गेले, मग तेल गेलं, मग रात्रीचं जेवण गेलं, आरशासमोरचा वेळ वाढला, पाळी चुकू लागली, तर गोष्ट आहाराची राहिलेली नसते. तिथे रागावून उपयोग नाही. लगेच डॉक्टरांकडे जावं.

बाकी घरात भांडण होऊ नये. आमच्याकडे माझा तवा वेगळा आहे आणि सोलकढी सगळ्यांची एक. दहावीनंतर मूल कोल्हापूरला, मुंबईला वसतिगृहात जातं तेव्हा खरी अडचण येते, कारण मेसमधलं वरण पाण्यासारखं असतं. त्याच्याबरोबर भाजलेले चणे, शेंगदाण्याची चटणी, नाचणीचं सत्त्व द्यावं आणि मोड कसे आणायचे ते शिकवावं. सुट्टीत घरी आलं की वर्षातून एकदा हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्यावं.