डबल बेल

छताखालून गेलेली दोरी कंडक्टर एकदा ओढतो. टण्ण. बस थांब्याला लागते. दोन पिशव्या सांभाळत एक आजी दांड्याला धरून पायरी चढते. तिचे दोन्ही पाय आत आले, हात सीटच्या कडीवर टेकला, की मगच पुन्हा दोरीला हिसका. टण्ण टण्ण. ड्रायव्हर मागे वळून बघत नाही, गिअर टाकतो. मुंबईत कित्येक पिढ्या या दोन ठोक्यांवर कामाला गेल्या.

शहराची पहिली बस 15 जुलै 1926 रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली. डबलडेकर आली 1937 मध्ये. दुमजली गाडी मुंबईकरांना तशी नवी नव्हती, 1920 पासून दुमजली ट्राम होतीच. 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम गेली आणि रस्त्यावर दोन मजल्यांचा मान एकट्या बसकडे राहिला.

जुन्या डबलडेकरमध्ये कंडक्टर दोन असत, एक खाली आणि एक वर. वरच्याचं काम जास्त कसबाचं. वळणावर वरचा मजला खालच्यापेक्षा जास्त झुले, आणि हात तर दोन्ही कामात. डाव्या हातात तिकिटांची पेटी, बोटांच्या बेचक्यात उभ्या घडीच्या नोटा. म्हणून तो मांडी सीटच्या कडेला टेकवून, गुडघा किंचित वाकवून उभा राही. उजव्या अंगठ्याने गड्डीतलं तिकीट ओढायचं, पंचने टप्प्याच्या आकड्यावर भोक पाडायचं, सुटे मोजायचे, तेही पुढचा थांबा यायच्या आत. गिऱ्हाईक नसलं तरी पंच हातात वाजतच असे, टिकटिक, टिकटिक. वर बसलेल्याला कंडक्टर दिसायच्या आधी ऐकू येई.

कंडक्टरच्या बिल्ल्याने हिंदी सिनेमालाही एक माणूस दिला. बद्रुद्दीन काझी मुंबईच्या बसमध्ये तिकिटं फाडत असत आणि नकला करून उतारूंना हसवत. बलराज सहानींनी त्यांना हेरलं, गुरुदत्तांनी नाव दिलं: जॉनी वॉकर.

डबलडेकरमध्ये वर सगळ्यात पुढची, काचेलगतची सीट मिळवण्यासाठी पोरं जिन्यावरून अक्षरशः धावत. खिडकी उघडी असली की झाडाची फांदी सपकन आत यायची, पानं मांडीवर पडायची. तिथून रस्ता आपणच चालवतोय असं वाटे, आणि ते वाटणं मोठेपणीही जात नसे.

दोन कंडक्टरांचा पगार आणि डागडुजीचा खर्च हेच पुढे या गाड्यांच्या मुळावर आलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे 900 डबलडेकर होत्या. 15 सप्टेंबर 2023 रोजी शेवटची साधी लाल डबलडेकर मार्ग क्रमांक 415 वर धावली, हार-फुलं लेवून. निरोपाला आलेल्यांत रोजच्या उतारूंबरोबर बसवेडेही होते.

त्याच वर्षी फेब्रुवारीत विजेवरची वातानुकूलित डबलडेकर आली. जुन्या गाडीला एकच जिना होता, हिला दोन. उन्हाळ्यात ती खरोखर सुखाची आहे, हे मान्यच करायला हवं. काच मात्र बंद. फांदी येते, काचेवर घासते आणि मागे जाते. वरच्या पहिल्या सीटवर एक मुलगा गुडघ्यांवर उभा राहून, दोन्ही तळवे काचेला लावून तिच्याकडे बघत असतो.