मे महिन्यातला डायनो: टर्बोने किती ताकद दिली आणि गुणकाने किती?

समजा, जळगावच्या एका गाडीमालकाने तुमच्यासमोर दोन छापील आलेख ठेवले. गाडी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, चाकणला बनलेली. १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, कंपनीचा आकडा १०५ पीएस आणि १७५ न्यूटन-मीटर. मालकाने मूळ टर्बो काढून मोठा बसवला आणि ईसीयूचं मॅपिंगही बदलून घेतलं. पहिला आलेख जानेवारीतला, चाकांवर ८९.६ अश्वशक्ती. दुसरा मे महिन्यातला, १३३.६. वाढ ४४ अश्वशक्ती. मालक खूश, ट्यूनरही खूश. तुम्हाला मात्र विचारलंय, "हे खरं आहे का?"

हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, पण प्रश्न खराखुरा आहे. संशोधनात उतरलात की असे ‘आधी-नंतर’चे दोन आलेख रोज समोर येतात, मग विषय इंजिनाचा असो, खताचा असो की औषधाचा.

आधी डायनो काय मोजतो ते बघू. चॅसिस डायनोवर गाडीची चाकं जड रोलरवर चढवतात, गाडी पट्ट्यांनी बांधतात आणि एका ठरलेल्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देतात. साध्या प्रकारच्या डायनोत रोलरचं जडत्व माहीत असतं. तो किती वेगाने वेग घेतोय यावरून टॉर्क काढतात. म्हणजे अश्वशक्ती थेट कुणीच मोजत नाही. टॉर्क आणि फेरे मोजायचे, बाकी गुणाकार. न्यूटन-मीटरला आरपीएमने गुणून ९५४९ने भागलं की किलोवॅट मिळतात. करून बघा: १७५ न्यूटन-मीटर, ४१०० आरपीएम, उत्तर साधारण ७५ किलोवॅट, म्हणजे १०२ पीएस. कंपनीच्या १०५शी सूर जुळतो. कुठलाही आलेख हातात आला की हा हिशेब आधी करायचा. तो जुळला नाही तर पुढचं वाचण्यात अर्थ नाही.

टर्बो गाडीसाठी या साध्या डायनोत एक अडचण आहे. रोलर हलका असेल तर इंजिन भराभर फेरे घेतं आणि मोठ्या टर्बोला हवेचा दाब चढवायला वेळच मिळत नाही. आलेखात टर्बो ‘उशिरा जागा होतो’ असं दिसतं. रस्त्यावर, समजा लळिंगच्या घाटात वरच्या गिअरमध्ये, तोच टर्बो आधी जागा होईल, कारण तिथे इंजिनावर भार जास्त वेळ टिकतो. म्हणून ब्रेक लावून भार देणारा डायनो टर्बोसाठी बरा.

आता खरा मुद्दा, आलेखाच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं. तिथे बहुधा ‘एसएई’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ असा की मोजलेला आकडा तसाच छापलेला नाही, हवामानाच्या गुणकाने गुणून छापलाय. गरम आणि विरळ हवेत ऑक्सिजन कमी असतो, म्हणून सगळ्यांचे आकडे २५ अंश सेल्सिअस आणि ९९ किलोपास्कल कोरड्या हवेच्या दाबावर आणायचे, अशी ही पद्धत. सूत्र असं:

गुणक = १.१७६ × (९९ ÷ दाब) × √(तापमान ÷ २९८) − ०.१७६

तापमान केल्विनमध्ये घ्यायचं. जानेवारीची सकाळ, २० अंश, दाब ९८.५ किलोपास्कल: गुणक ०.९९६. मे महिन्याची दुपार, पत्र्याच्या शेडमध्ये ४३ अंश, दाब ९७: गुणक १.०६. (मे महिन्यातल्या भुसावळकरांना ४३ म्हणजे गारवा वाटेल, पण असो.)

आता उलटा हिशेब करा. जानेवारीत यंत्राने प्रत्यक्षात मोजले होते ९०. मे महिन्यात मोजले १२६. म्हणजे प्रत्यक्ष मोजलेली वाढ ३६ची. उरलेली ८ अश्वशक्ती टर्बोतून आली नाही, गुणकातून आली.

तुम्ही म्हणाल, पण दुरुस्ती तर न्याय्यच आहे ना? साध्या इंजिनासाठी बऱ्यापैकी आहे. ते बाहेरची हवा जशी मिळेल तशी ओढतं. टर्बो इंजिनाचं तसं नाही. ईसीयूला इनटेकमध्ये ठरावीक दाब हवा असतो. बाहेर दाब कमी असेल तर तो वेस्टगेट थोडा बंद ठेवतो, टर्बो जास्त फिरतो आणि तूट भरून निघते. जी तूट इंजिनाने स्वतःच भरून काढली, तिची भरपाई गुणक पुन्हा एकदा देतो. आपल्या उदाहरणातल्या ६ टक्क्यांपैकी साधारण अडीच टक्के या दाबाचे. तीच गाडी समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवरच्या पुण्यात नेली, तर २५ अंशांतही हा दाबाचा ‘बोनस’ ६ टक्क्यांच्या आसपास जातो!

तापमानाचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. उन्हाळ्यात टर्बो इंजिनाची ताकद खरोखर घटते, पण ती वर्गमुळाच्या नियमाने घटतेच असं नाही. या पोलोत इंटरकूलर पाण्याने थंड होतो. डायनोसमोरचा पंखा म्हणजे महामार्गावरचा वारा नव्हे. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपर्यंत ते पाणी तापतं, इनटेकची हवा तापते, नॉक सेन्सरला ठोके जाणवतात आणि ईसीयू स्पार्क मागे घेतो. त्यात पेट्रोल ९१ ऑक्टेनचं भरलंय की ९५चं, यानेही फरक पडतो. त्यामुळे मोजलेला ३६चा आकडासुद्धा अंतिम सत्य नाही. गुणकही चुकतो आणि गुणक काढून टाकणंही चुकतं.

मग मालकाला सांगायचं काय? या दोन आलेखांवरून टर्बोचा वाटा सांगता येत नाही, एवढंच. ट्यूनरवर खोटेपणाचा आरोप करायचीही गरज नाही, यंत्राने नेमून दिलेलं काम केलंय. शिवाय टर्बो आणि मॅपिंग एकदमच बदललंय. जुन्या टर्बोवर नुसतं नवं मॅपिंग चालवलं असतं तर किती मिळालं असतं, हे कुणी बघितलेलंच नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत मोठं भगदाड हेच, गुणकाचं त्यानंतर.

चाचणी नव्याने आखायची तर जुना टर्बो, नवा टर्बो आणि पुन्हा जुना, असा क्रम ठेवा. तोच डायनो, तोच गिअर, टायरमध्ये तीच हवा, त्याच पंपाचं पेट्रोल. टर्बो बदलायला तास जातात, तेवढ्यात दुपार चढते, म्हणून प्रत्येक वेळी पहाटेच सुरुवात करा. शेवटचा ‘जुना’ पहिल्या ‘जुन्या’शी जुळला नाही, तर मधल्या काळात दुसरंच काहीतरी बदललंय. प्रत्येक स्थितीत किमान पाच फेऱ्या घ्या, दोन फेऱ्यांमध्ये ठरावीक वेळ गाडी थंड होऊ द्या आणि सर्वांत मोठा आकडा न छापता पाचही छापा. अश्वशक्तीसोबत बूस्ट, इनटेक तापमान, स्पार्क टायमिंग आणि हवा-इंधन प्रमाण यांची नोंद हवीच. इनटेकची हवा तापल्यावर स्पार्क मागे सरकलेला दिसला, तर उन्हाळ्याचा वाटा तिथेच सापडेल.

एक व्यावहारिक गोष्ट. या गाडीचा सात-गिअरचा डीएसजी २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवलेला आहे, त्यामुळे अश्वशक्तीच्या नादात टॉर्कच्या रेषेकडे दुर्लक्ष करू नका. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार कंपनीच्या मूळ तपशिलात असा बदल करून गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. बाहाच्या निमित्ताने तुमच्यापैकी काहींनी पीथमपूर पाहिलं असेल. तिथल्या नॅट्रॅक्समध्ये ११.३ किलोमीटरचा बंदिस्त हाय-स्पीड ट्रॅक आहे. धुळ्याहून आग्रा रोडने सेंधव्यामार्गे जाता येतं. वेगाच्या चाचण्या अशाच ठिकाणी व्हाव्यात, बायपासवर नाहीत.

आता तुमच्यासाठी काम. तुमच्या गावाचं आजचं तापमान आणि प्रत्यक्ष दाब घ्या आणि वरच्या सूत्रात टाका. हवामानाच्या ॲपमधला दाब बहुधा समुद्रसपाटीवर आणून दाखवलेला असतो, तो चालणार नाही. शिवाय त्यातून बाष्पाचा दाब वजा करावा लागतो. तो आर्द्रतेवरून कसा काढायचा, ते आधी स्वतः शोधून बघा.