बोनस परत केला, टॅक्सचं काय?

अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी असो, बडनेऱ्याचं राम मेघे असो की अकोल्यातलं कुठलंही कॉलेज. प्लेसमेंटचा सीझन आला की कट्ट्यावर एकच प्रश्न असतो, ‘कितीचं पॅकेज बे?’ आकडा कळला की पार्टी ठरते. पण ऑफर लेटरच्या मागच्या पानांवर बारीक अक्षरात एक अट असते आणि ती फारसं कुणी वाचत नाही. ‘एका वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास जॉइनिंग बोनसची पूर्ण रक्कम परत करावी लागेल.’ आज त्या एका अटीबद्दल बोलू.

तसं पाहिलं तर वऱ्हाडात ही भानगड नवी नाही. सालदाराला साल ठरवताना उचल मिळायची आणि मधेच काम सोडलं तर ती फेडावी लागायची. जॉइनिंग बोनस म्हणजे एका अर्थी शिकलेल्या सालदाराची उचलच. फरक एवढाच, की या उचलीवर आधी टॅक्स कापला जातो आणि फेडताना मात्र पूर्ण रक्कम मागितली जाते.

हिशोब करून पाहा

समजा, तुम्हाला वर्षाला १६ लाखांचं पॅकेज मिळालं आणि जुलै २०२५ मध्ये तुम्ही पुण्यात रुजू झालात. मार्च २०२६ पर्यंत नऊ महिन्यांचा पगार झाला १२ लाख. त्यातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली, उरले ११ लाख २५ हजार. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलत मिळते, म्हणजे टॅक्स शून्य.

आता यात २ लाखांचा जॉइनिंग बोनस मिळवा. करपात्र उत्पन्न झालं १३ लाख २५ हजार. सवलतीची मर्यादा ओलांडली, म्हणून टॅक्स ४ लाखांच्या पुढच्या सगळ्या रकमेवर लागला. तो होतो ७८ हजार ७५० आणि ४ टक्के सेस धरून ८१ हजार ९०० रुपये. म्हणजे २ लाखांच्या बोनसमधले तुमच्या हातात खरे पडले १ लाख १८ हजार १००.

मे २०२६ मध्ये दुसरी चांगली नोकरी मिळाली आणि तुम्ही राजीनामा दिला. कंपनी म्हणते, २ लाख भरा. हातात आले सव्वा लाखाच्याही आत, द्यायचे पूर्ण २ लाख! मधले ८१ हजार ९०० गेले कुठे? सरकारजमा. ते तुमच्या खिशातून जातात.

ही झाली वरच्या पॅकेजची गोष्ट. तुमचं वर्षाचं उत्पन्न बोनस धरूनही पावणेतेरा लाखांच्या आत असेल, तर नव्या प्रणालीत टॅक्सच लागत नाही आणि हा फटका बसत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच फ्रेशर्सची पॅकेजेस या मर्यादेच्या आतच असतात. पण दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलाल तेव्हा हे गणित तुमच्या दारात येणारच.

परत का मिळत नाही?

आयकर कायद्याचा नियम सरळ आहे: पगार देय झाला किंवा हातात पडला, यातलं जे आधी होईल त्या वर्षी तो करपात्र. त्यातून काय वजा करायचं हेही कायद्याने मोजून दिलंय. प्रमाणित वजावट, व्यवसाय कर अशा ठरावीक गोष्टी. ‘पुढच्या वर्षी मालकाला परत केलेला पगार’ अशी ओळ त्या यादीत नाही. थकबाकी एकदम मिळाली तर कलम ८९ खाली फॉर्म १०ई भरून दिलासा मिळतो, पण तो पैसे मिळाल्यावरचा, परत केल्यावरचा नाही. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या नव्या आयकर कायद्यातही यासाठी वेगळी सोय केलेली नाही.

म्हणून ३१ मार्च ही तारीख महत्त्वाची. बोनस घेतला त्याच आर्थिक वर्षात परत केला, तर कंपनी फॉर्म १६ मध्ये पगार तेवढा कमी दाखवू शकते आणि जास्तीचा टीडीएस रिटर्न भरून परत मागता येतो. तारीख उलटली, की गाडी बडनेऱ्याहून सुटली समजा.

दुसरीकडे काय करतात?

अमेरिकेत हाच प्रश्न थेट सुप्रीम कोर्टात गेला होता. लुईस नावाच्या कर्मचाऱ्याला १९४४ मध्ये २२ हजार डॉलर बोनस मिळाला. हिशोब चुकला होता म्हणून १९४६ मध्ये त्याला सुमारे ११ हजार परत करावे लागले. १९५१ मध्ये कोर्टाने सांगितलं, की जुन्या वर्षाचा टॅक्स बदलणार नाही. वजावट घ्यायची तर परत केल्याच्या वर्षी घ्या. यात करदात्याचं नुकसान होऊ शकतं हे ओळखून तिथल्या संसदेने १९५४ मध्ये कायद्यात सोय केली. परत केलेली रक्कम ३ हजार डॉलरच्या वर असेल, तर दोन्ही पद्धतींनी हिशोब करून फायद्याचा तो निवडता येतो. ब्रिटनमध्येही २०१४ मध्ये वरच्या न्यायाधिकरणाने परत केलेला साइनिंग बोनस ‘उणे कमाई’ म्हणून मान्य केला. आपल्याकडे असा स्पष्ट नियम अजून यायचाय.

नोटीस पे आणि बॉन्ड

नोटीस पीरियड पूर्ण न करता निघालात, तर शेवटच्या हिशोबात कंपनी पगार कापते. इथे थोडा दिलासा आहे. २०१७ मध्ये आयकर अपील न्यायाधिकरणाच्या अहमदाबाद खंडपीठाने म्हटलं, की नोटीस पे कापून जो पगार प्रत्यक्ष मिळाला तेवढाच करपात्र. हा न्यायाधिकरणाचा निकाल आहे, सुप्रीम कोर्टाचा नाही; त्यामुळे विभाग वाद घालू शकतो. फॉर्म १६ मध्ये कापण्याआधीचा आकडा असेल, तर सेटलमेंटचा कागद जपून ठेवा. आणि कुणी नोटीस पेवर १८ टक्के जीएसटी लावला तर ३ ऑगस्ट २०२२ चं केंद्राचं परिपत्रक दाखवा. अशा वसुलीवर जीएसटी नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय.

बँकेच्या परीक्षांची तयारी करणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी. विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याने तीन वर्षं पूर्ण होण्याआधी नोकरी सोडली, म्हणून त्याला बॉन्डचे २ लाख भरावे लागले. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती अट वैध ठरवली. याचा अर्थ प्रत्येक बॉन्ड डोळे झाकून मान्य, असा नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे भरपाई वाजवी असावी लागते. पण ‘बॉन्ड गिन्ड काही नसते बाप्पा, कागद असतो’ असं सांगणाऱ्या सीनियरच्या भरवशावर मात्र राहू नका.

आणि नवी कंपनी म्हणाली, ‘तुमचा बॉन्ड आम्ही भरतो’, तर ती रक्कमही तुमच्या पगारात धरून तिच्यावर टॅक्स लागतो, हे ध्यानात ठेवा.

सही करण्याआधी एचआरला विचारा

• परत करायची रक्कम टॅक्स कापण्याआधीची की हातात पडलेली? ‘हातात पडलेली’ असं लेखी मिळालं तर उत्तम.
• जितके महिने काम केलं तेवढा भाग माफ होतो का, की अकराव्या महिन्यात सोडलं तरी पूर्ण भरायचे?
• बोनस रुजू होतानाच मिळणार की वर्ष पूर्ण झाल्यावर? वर्षानंतर मिळाला तर परत करायचा प्रश्नच येत नाही.
• नोटीस पीरियड किती, आणि तो सुट्ट्यांमधून वळता होतो का?

हे विचारल्याने ऑफर जाईल, अशी भीती वाटते ना? नाही जात. विचारणाऱ्याला एचआर उत्तर देतं, कारण तेच त्यांचं काम आहे. ते उत्तर फोनवर नको, ईमेलवर घ्या. बोनस खात्यात पडला, की मोबाइल, गाडी घेण्याआधी अटीची मुदत संपेपर्यंत त्यातला मोठा वाटा बाजूला ठेवा. आणि नोकरी सोडायचीच असेल, तर आधी कॅलेंडर बघा. ३१ मार्चच्या अलीकडे की पलीकडे, एवढ्यावर हजारो रुपये ठरतात.