आधी उत्तरे, मग प्रश्न

चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे वाघ, बांबू आणि तेंदूपत्ता यांसाठी ओळखले जात असले, तरी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या जंगलातून नोंदींचेही मोठे पीक निघालेले आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेने १९९३ पासून नवजात बालकांच्या घरोघरी काळजीचा जो प्रयोग केला, त्यात प्रयोगाच्या ३९ आणि तुलनेच्या ४७ गावांतील जन्म व बालमृत्यू टिपले गेले, आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष या नोंदींच्या बळावरच उभे राहिले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि बांबूची तोड, विक्री व वाहतूक परवाना यांचा हिशेब ग्रामसभेच्या दप्तरात आला. वाघाच्या गणनेत तर नोंदींची संख्या सामान्य कल्पनेपलीकडे गेली. २०१८ च्या गणनेसाठी ताडोबा-अंधारीसह देशभरात २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि त्यांनी ३,४८,५८,६२३ छायाचित्रे टिपली. त्यांपैकी वाघाची फक्त ७६,६५१ होती, म्हणजे सुमारे साडेचारशे छायाचित्रांमागे एक.

छायाचित्राला स्थळ, दिवस, वेळ आणि वाघाच्या पट्ट्यांवरून ठरलेली त्याची ओळख जोडलेली नसेल, तर गणनेच्या दृष्टीने त्याचा उपयोग नाही. ही जोडणी टिकवणारी, एकाच वेळी अनेकांना वाचू-लिहू देणारी आणि वीज मध्येच गेली तर अर्धवट राहिलेला व्यवहार मागे घेणारी व्यवस्था म्हणजे डेटाबेस. असा डेटाबेस ज्या संगणकावर चालतो त्याला सर्व्हर म्हणतात, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी तो बहुधा एकटाच असतो. मोठ्या शहरांतील माहिती केंद्रांप्रमाणे एक पडला तर दुसऱ्याने काम उचलावे, अशी जोडीदार यंत्रांची रांग तेथे नसते. या एकट्या सर्व्हरवर डेटाबेसच्या खालचा थर, तोही चित्रमय पडदा आणि माऊस यांच्याशिवाय, कसा बसवला जातो हा विषय तांत्रिक वाटला, तरी दूरच्या जिल्ह्यातील कार्यालयाने तो समजून घेण्यासारखा आहे.

खालचा थर म्हणजे काय, हे ओरॅकल या डेटाबेसच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. ओरॅकल कंपनीने २००३ साली जाहीर केलेल्या ‘१०जी’ आवृत्तीत डिस्कचे व्यवस्थापन करणारी स्वतंत्र यंत्रणा आणली. एएसएम या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी ही यंत्रणा अनेक डिस्क एकत्र करून त्यांचा एक गट बनवते आणि डेटाबेसचा मजकूर त्या गटात समप्रमाणात पसरवते. २००९ मधील ११जीच्या दुसऱ्या आवृत्तीपासून ही यंत्रणा डेटाबेसमधून काढून ‘ग्रिड इन्फ्रास्ट्रक्चर’ या वेगळ्या संचात ठेवण्यात आली. ग्रिड या शब्दाने अनेक यंत्रांचे जाळे सुचत असले, तरी याच संचाचे एकट्या सर्व्हरसाठीही एक रूप आहे आणि त्यात तीन कामे सामावतात: डिस्कगट सांभाळणे, बाहेरून येणाऱ्या विनंत्या ऐकून त्या डेटाबेसपर्यंत पोहोचवणारा ‘लिसनर’ चालू ठेवणे, आणि यातील काहीही बंद पडले तर ते आपण होऊन पुन्हा सुरू करणे. हे तिसरे काम करणाऱ्या भागाला ‘ओरॅकल रीस्टार्ट’ असे नाव आहे आणि जेथे लाईन केव्हा जाईल याचा नेम नसतो, तेथे सगळ्या संचात तोच सर्वांत मोलाचा ठरतो.

सर्व्हरवर चित्रमय पडदा नसणे ही उणीव नव्हे. लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या सर्व्हरमध्ये तो बहुतेक वेळा जाणूनबुजून टाळला जातो, कारण खिडक्या, बटणे आणि चित्रे रंगवणारे कार्यक्रम स्मृती व्यापतात, त्यांच्या दुरुस्त्या सतत कराव्या लागतात आणि प्रत्येक जादा कार्यक्रमाबरोबर घुसखोरीची एक जादा वाट तयार होते. अडचण एवढीच की ओरॅकलचा स्थापना-कार्यक्रम मूळचा खिडक्यांचा आहे. तो एकामागून एक प्रश्न विचारतो आणि प्रत्येक पडद्यावर ‘पुढे’ हे बटण दाबण्याची अपेक्षा ठेवतो. सर्व्हरवरच्या या खिडक्या दूरच्या संगणकावर आणून दाखवण्याची सोय आहे, पण त्यात खिडकीची बारीकसारीक हालचालही जाळ्यावरून जाते-येते, आणि संपर्क तुटला की खिडकीबरोबर अर्धवट झालेले कामही जाते. गडचिरोलीपासून नागपूर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे सिरोंचा गडचिरोली शहरापासूनही लांब आहे, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. अशा मुलखात तज्ज्ञ बहुधा दूर बसूनच काम करणार हे गृहीत धरले, तर त्याची खिडकी बारीक तारेवर टांगून ठेवण्यात शहाणपण नाही.

यावरचा उपाय ‘सायलेंट’ म्हणजे मूक स्थापना या नावाने ओळखला जातो. नाव काहीसे फसवे आहे, कारण हा कार्यक्रम पडद्यावर काही ना काही लिहीत राहतो. मूक याचा अर्थ तो काही विचारत नाही. खिडक्यांतून जे प्रश्न आले असते त्यांची उत्तरे एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये आधीच लिहून ठेवलेली असतात. ‘रिस्पॉन्स फाइल’ म्हणजे उत्तर-फाइल ती हीच. तिच्यात प्रत्येक ओळीवर डावीकडे प्रश्नाचे नाव, मध्ये बरोबरचे चिन्ह आणि उजवीकडे उत्तर असते, आणि कोरा नमुना संचाबरोबरच मिळतो. खिडकीसमोर बसलेला माणूस विचार न करताही ‘पुढे’ दाबू शकतो. उत्तर-फाइल लिहिणाऱ्याला मात्र डिस्कगटाचे नाव काय, त्यात कोणत्या डिस्क, मजकुराच्या प्रती किती आणि अधिकार कोणत्या गटाकडे, हे सगळे कामाला हात घालण्यापूर्वीच ठरवावे लागते. या पद्धतीचा खरा लाभ या सक्तीत आहे. पडद्याची बचत ही त्यामानाने किरकोळ बाब होय.

ही उत्तरे लिहिण्याआधीची तयारी प्रत्यक्ष स्थापनेपेक्षा जास्त वेळ घेते. २०१९ मध्ये आलेल्या १९सी आवृत्तीसाठी किमान ८ जीबी स्मृती लागते, सर्व्हरचे नाव आणि त्याचा जाळ्यावरील पत्ता एकमेकांशी जुळावे लागतात, आणि ग्रिडसाठी व डेटाबेससाठी स्वतंत्र वापरकर्ते निर्माण करून एकाला दुसऱ्याच्या कारभारात किती हात घालता येईल हे ठरवणे इष्ट असते. पण नवख्याची सर्वाधिक फसगत होते ती डिस्कच्या नावांत. लिनक्स प्रत्येक डिस्कला सुरू होताना जे नाव देते, ते कायमचे नसते. आज ‘एसडीबी’ असलेली डिस्क यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झाल्यावर ‘एसडीसी’ होऊ शकते, विशेषतः मध्ये एखादी डिस्क नव्याने लावली किंवा काढली असेल तर. कॅमेऱ्याचे छायाचित्र त्या दिवशी कॅमेरा कोणत्या पिशवीत होता यावरून न ओळखता त्याच्या क्रमांकावरून ओळखावे लागते, तसेच येथे डिस्कच्या अंगभूत अनुक्रमांकाला एक पक्के नाव बांधून द्यावे लागते आणि त्या नावाखालील डिस्कची मालकी ग्रिडच्या वापरकर्त्याकडे सोपवावी लागते. हे बांधकाम लिनक्समधील ‘यूडेव्ह’ नियमांच्या आधारे होते. ते राहून गेले तरी स्थापना सुरळीत पार पडू शकते, मात्र पहिल्याच पुनरारंभानंतर डिस्कगट सापडेनासा होऊ शकतो, आणि तोपर्यंत स्थापना करणारा निघून गेलेला असतो.

प्रतींच्या प्रश्नाला तीन मुख्य उत्तरे आहेत. ‘एक्सटर्नल’ म्हटले तर एएसएम स्वतः एकच प्रत ठेवते आणि सुरक्षिततेची जबाबदारी खालच्या यंत्रसामग्रीवर सोडते, ‘नॉर्मल’ म्हटले तर दोन प्रती आणि ‘हाय’ म्हटले तर तीन. एकाच पेटीत, एकाच नियंत्रकावर बसलेल्या दोन डिस्कवर दोन प्रती ठेवल्या, तर एक डिस्क बिघडण्यापासून संरक्षण मिळते, परंतु वीज पडून अख्खी पेटी गेली किंवा चंद्रपूरच्या ४५ अंशांपलीकडच्या उन्हाळ्यात वातानुकूलन बंद पडून ती भाजून निघाली, तर दोन्ही प्रती बरोबरच जातात. प्रती म्हणजे बॅकअप नव्हे, आणि बॅकअप दुसऱ्या इमारतीत, शक्य तर दुसऱ्या गावात असावा.

प्रत्यक्ष स्थापना त्यामानाने थोडक्यात आटोपते. संचाची दाबलेली फाइल १२सीच्या दुसऱ्या आवृत्तीपासून जेथे उलगडली जाते तेथेच कायमची राहते. जुन्या सवयीने ती तात्पुरत्या जागी उलगडणाऱ्याला सगळे काम पुन्हा करावे लागते. त्यानंतर फक्त पूर्वअटी तपासण्याचा आदेश आधी द्यावा आणि त्यातील इशारे वाचावेत. इशाऱ्यांकडे दुर्लक्ष करण्याचीही सोय कार्यक्रमात आहे, पण ती कारण कळल्यावर वापरण्याची आहे, घाईत वापरण्याची नव्हे. मग उत्तर-फाइल पुरवून मूक स्थापना सुरू केली जाते आणि ती संपताच कार्यक्रम सांगतो, की सर्वाधिकारी ‘रूट’ वापरकर्त्याने अमुक दोन आदेश-फाइली चालवाव्यात. त्या चालवल्या की पुष्कळांना काम झाल्यासारखे वाटते. खिडक्यांच्या पद्धतीत यापुढचा भाग आपोआप घडत असतो, मूक पद्धतीत मात्र तीच उत्तर-फाइल देऊन रचनेची उरलेली साधने वेगळ्या आदेशाने चालवावी लागतात, आणि एएसएम व लिसनर या पायरीवर पुरते उभे राहतात. काही बिघडलेच तर पडद्यावर दिसणारी ओळ अपुरी असते. खरे कारण लॉग म्हणजे रोजनाम्याच्या फाइलमध्ये सापडते आणि तिचा पत्ता कार्यक्रम स्वतःच छापून देतो.

शेवटी सर्व भागांची स्थिती दाखवणारा आदेश दिला, की एक तक्ता उमटतो आणि त्यात डिस्कगट, लिसनर, एएसएम यांच्यासमोर ‘ऑनलाइन’ असे दिसते. ‘ओएनएस’ या भागासमोर ‘ऑफलाइन’ दिसल्याने नवखा माणूस घाबरतो. एकट्या सर्व्हरवर तो मुळातच बंद ठेवलेला असतो आणि तेथे दुरुस्त करण्यासारखे काही नसते. खरी परीक्षा त्यानंतरची, यंत्र एकदा मुद्दाम बंद करून पुन्हा चालू करण्याची. वीज परत आल्यावर आधी एएसएम, मग डिस्कगट, मग त्यावर विसंबलेला डेटाबेस, हा क्रम कोणी समोर नसताना पाळला गेला, तरच पावसाळ्यातील रात्रीसाठी ती व्यवस्था भरवशाची मानावी. चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉट क्षमतेचे आहे, तरीही दिव्याखालच्या अंधाराची तरतूद प्रत्येक सर्व्हरखोलीला स्वतःच करावी लागते.

या थरानंतर डेटाबेस निर्माण होतो, तोही अशाच उत्तर-फाइलने, आणि त्यातील एका उत्तराकडे मराठी कार्यालयांनी विशेष लक्ष द्यायला हवे. अक्षरसंच युनिकोडचा निवडला नाही, तर देवनागरी नावे प्रश्नचिन्हांत बदलतात आणि नंतर तो बदलणे जिकिरीचे होते. युनिकोडच्या ‘यूटीएफ-८’ या लेखनपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘चंद्रपूर’ आणि ‘गडचिरोली’ या दोन्ही नावांत प्रत्येकी आठ चिन्हे असल्याने दोन्ही नावे चोवीस बाइटची होतात, आणि वीस बाइटच्या रकान्यात यांपैकी एकही मावत नाही.

एवढ्या लवाजम्याची गरज प्रत्येक कार्यालयाला असते असे नाही. काही लाख ओळींची वनदाव्यांची नोंदवही एएसएमशिवायही सुखाने चालते; पोस्टग्रेसक्यूएल हा मुक्त डेटाबेस लिनक्सवर मोजक्या आदेशांनी बसतो, त्याला परवान्याचे शुल्क नाही, आणि केंद्र सरकारने २०१५ साली जाहीर केलेल्या धोरणातही मुक्त सॉफ्टवेअरला पसंती दिलेली आहे. डिस्क पुढे वाढत जाणार असतील आणि डेटाबेस बंद न करता त्या जोडायच्या असतील, तेव्हा मात्र ग्रिडचा खटाटोप सार्थकी लागतो.

उत्तर-फाइलमध्ये सर्वाधिकाराचे सांकेतिक शब्दही लिहिलेले असू शकतात, म्हणून काम चालू असताना ती मालकाखेरीज कोणाला वाचता येऊ नये आणि काम संपताच त्या ओळी पुसाव्यात. ते शब्द आदेशाच्या ओळीतच टाइप करणे याहून वाईट, कारण चालू कार्यक्रमांच्या यादीत ते इतरांना दिसू शकतात. शब्द पुसलेली उरलेली फाइल काही पानांत छापून होते, आणि यंत्र जळाल्यास दुसरा माणूस दुसऱ्या यंत्रावर तीच व्यवस्था तिच्या आधारे पुन्हा उभी करू शकतो. म्हणून सर्व्हर बसवून घेणाऱ्या कार्यालयाने कंत्राटदाराचे शेवटचे देयक मंजूर करण्यापूर्वी ही फाइल आणि डिस्कच्या नावांचे नियम यांची छापील प्रत मागून घ्यावी व ती सर्व्हरखोलीबाहेरच्या कपाटात ठेवावी.