वेगवान नौकेची समतोल-पट्टी

वाहत्या वाऱ्यात पतंग तिरपा धरला म्हणजे तो वर चढतो. हवेच्या जागी पाणी आणि पतंगाच्या जागी नौकेचा तळ आहे अशी कल्पना केली, तर वेगवान यांत्रिक नौकेचे रहस्य ध्यानात येते. साधी होडी आपल्या वजनाइतके पाणी बाजूस सारून तरंगते. वेगवान नौका मात्र पुरेसा वेग घेताच पाण्यावर चढते आणि त्याच्या पृष्ठावरून घसरत धावू लागते. पाण्याशी तिरपा झालेला तळ पाण्याला खाली लोटतो व पाणी तळाला वर उचलते. हा तिरपेपणा किती असावा, हाच अशा नौकेच्या विद्येतील मध्यवर्ती प्रश्न होय. या तिरपेपणास 'कल' म्हणता येईल.

हा कल चालकाच्या हाती यावा म्हणून नौकेच्या पिछाडीला, तळाच्या कडेशी, डावीकडे व उजवीकडे एकेक धातूची पट्टी बिजागरीने बसवितात. तिला इंग्रजी नावाने ट्रिम टॅब म्हणतात. मराठीत समतोल-पट्टी हे नाव शोभेल. तेलाच्या दाबाने किंवा विजेच्या साहाय्याने ती काही अंश खाली वळविता येते. पट्टी खाली वळली की तिच्यावर आदळणारे पाणी पिछाडीस उचलते व त्यामुळे नाळ खाली येते. इतक्या साध्या साधनासाठी खर्च करावा काय, विशेषतः केवळ वेगासाठी बांधलेल्या नौकेवर, याविषयी मात्र जाणत्यांतही दुमत आढळते.

कलाचे गणित

तिरप्या तळावर पाण्याचा दाब वर आणि किंचित मागे असा लागतो. हा मागे ओढणारा भाग कलाबरोबर वाढतो. ३,००० किलो वजनाच्या नौकेचा कल ८ अंश असेल, तर ही ओढ सुमारे ४२० किलो भरते. ४ अंशांवर ती निम्मी, म्हणजे २१० किलो होते. आणि २ अंशांवर केवळ १०५ किलो. यावरून कल जितका कमी तितके बरे, असे वाटेल. पण येथे दुसरी बाजू पुढे येते. कल कमी झाला की तळाचा अधिक भाग पाण्यात भिजतो आणि घर्षण वाढते. दोहोंची बेरीज कोठेतरी मध्ये, बहुधा ४ ते ५ अंशांच्या आसपास, सर्वांत कमी असते. अमेरिकेतील स्टीव्हन्स तंत्रशिक्षण संस्थेच्या डेव्हिडसन प्रयोगशाळेत डॅनियल सॅविट्स्की यांनी या विषयाची सूत्रे १९६४ साली एकत्र मांडली. नौकांच्या रचनेत ती आजही वापरली जातात.

पट्टी कोठे उपकारक ठरते?

८ मीटर लांबीच्या नौकेने ताशी सुमारे १३ किलोमीटर वेग गाठला, की तिने निर्माण केलेली लाट तिच्याच लांबीची होते. येथून पुढे नौकेला स्वतःच्याच लाटेवर चढावे लागते. नाळ वर उचलली जाते, पिछाडी खाली बसते आणि चालकाला समोरचे पाणी दिसेनासे होते. या चढणीवर पट्ट्या खाली केल्यास कल आवरता येतो आणि नौका कमी वेगावर व कमी इंधनात पाण्यावर चढते. प्रवासी वा इंधनाची टाकी एका बाजूस असली, किंवा वाऱ्याने नौका कलंडली, तर एकच पट्टी वळवून ती सरळ करता येते. मळसूत्री पंख्याचा कोन बदलल्याने नाळ वरखाली करता येते; पण एकाच पंख्याच्या नौकेचा आडवा कल त्याने सुधारत नाही.

सर्वांत मोठा लाभ खवळलेल्या समुद्रात दिसतो. रेमंड हंट या अमेरिकी रचनाकाराने सुमारे २४ अंश उताराचा, खोल निमुळत्या तळाचा घाट पुढे आणला. त्या घाटाच्या 'मॉपी' या नौकेने १९६० साली मायामी ते नासाऊ ही शर्यत उग्र समुद्रातून जिंकली आणि हा घाट जगभर पसरला. परंतु धारदार नाळ हवेत राहिली तर तिचा उपयोग काय? समोरून लाटा येत असता ती खाली आणली, तरच ती पाणी कापते. इतर गोष्टी समान असता लाटेचा धक्का कलाच्या प्रमाणात असतो. कल ६ अंशांवरून ४ अंशांवर आणल्यास धक्का एकतृतीयांशाने घटतो. प्रवाशांच्या पाठीच्या कण्यासाठी ही गोष्ट किरकोळ नव्हे.

पट्टी कोठे घातक ठरते?

पट्टीवरील बळ वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ३० सेंटिमीटर रुंद व २५ सेंटिमीटर लांब पट्टी ५ अंश खाली असेल, तर ताशी ७२ किलोमीटर वेगावर ती पिछाडीस सुमारे ३५० किलो बळाने उचलते. ताशी १०८ किलोमीटर वेगावर तेच बळ ८०० किलोंच्या घरात जाते. मंद वेगावर जो हेलकावा जाणवतही नाही, तो तीव्र वेगावर नाळ पाण्यात रुतवू शकतो. नाळ रुतली की नौका तिच्याभोवती गर्रकन फिरते आणि आतील माणसे बाहेर फेकली जातात. पाठीमागून लाटा येत असता तर पट्ट्या वरच ठेवाव्यात, हा नियम जिवाचा आहे.

उलट दिशेची मर्यादाही आहे. ४ जानेवारी १९६७ रोजी इंग्लंडमधील कॉनिस्टन सरोवरावर ताशी ३०० मैलांच्या विक्रमामागे लागलेल्या डोनाल्ड कॅम्पबेल यांच्या 'ब्लूबर्ड' नौकेची नाळ उचलली गेली, ती हवेत उलटली आणि कॅम्पबेल मृत्युमुखी पडले. अशा वेगावर खुद्द हवाच नौकेला उचलू लागते. समतोल-पट्टी पाण्यात असेल तोवरच काम करते. तळाने पाणी सोडल्यावर ती निरुपयोगी होते.

निष्कर्ष

शांत तळ्यावर धावणारी, हलकी, एका पंख्याची नौका पंख्याचा कोन बदलून आपला कल सांभाळू शकते. महत्तम वेगाच्या वेळी तिला नाळ किंचित वरच हवी असते, आणि पट्टी तर नाळ केवळ खाली आणते. तिच्यावर पट्ट्यांचा लाभ थोडा. मात्र जड, खोल तळाची आणि खुल्या समुद्रात जाणारी नौका असेल, तर पट्ट्या आपली किंमत पहिल्याच वादळी दिवशी वसूल करून देतात. नको असता त्या पूर्ण वर घेता येत असल्याने वेगात फारशी तूट येत नाही. म्हणजे पट्टीने नौकेचा परमवेग वाढतो असे नव्हे; सुखरूपपणे टिकविता येईल असा वेग वाढतो. समुद्रावर महत्त्व आहे ते याच दुसऱ्या वेगाला. आणि तोही, पट्टी केव्हा वर घ्यावी हे ज्याला कळते, त्याच्याच हाती लागतो.