अश्वशक्ती आणि ओढ

द्राक्षबागेच्या दोन ओळींमधून निर्वेधपणे जाईल असा छोटा ट्रॅक्टर घेण्यास निघालेला शेतकरी प्रथम अश्वशक्तीची चौकशी करतो, आणि विक्रेताही तोच आकडा पुढे करतो; परंतु इंजिनाची शक्ती आणि अवजाराला मिळणारी ओढ या भिन्न गोष्टी असून त्यांना जोडणारा दुवा यंत्राचे वजन हा आहे, ही बाब बहुधा दुर्लक्षितच राहते. २४ अश्वशक्तीच्या यंत्रातील १५ अश्वशक्ती जरी ओढीच्या कामी आली, तरी ताशी साडेतीन किलोमीटर वेगाला १,१०० किलोंहून अधिक ओढ निघावी, असा हिशेब सांगतो. प्रत्यक्षात नऊशे किलोंचे, चारही चाकांनी रेटणारे यंत्र शेतातल्या मातीत फार तर आपल्या निम्म्या वजनाइतके ओढते. बाकीची शक्ती इंजिनातच पडून राहते.

निफाड तालुक्यात, नव्या लागवडीसाठी राखलेल्या काळ्या जमिनीच्या पट्टीत, वापसा नुकताच आला असता, नांगर जोडलेला असा एक ट्रॅक्टर मी पाहिला. इंजिनाचा आवाज यत्किंचितही दबत नव्हता, मागची चाके मात्र माती कोरीत होती आणि टायरच्या खाचा चिकट मातीने भरून पार गुळगुळीत झाल्या होत्या. बागायतदाराने मागच्या टायरवर खडूची रेघ मारली. नांगर उचललेला असता चाकाच्या दहा फेऱ्यांत २८ मीटर अंतर भरले. नांगर जमिनीत असता तेवढ्याच फेऱ्यांत जेमतेम २१. म्हणजे चौथा हिस्सा वाया, आणि ही घसर आठ ते पंधरा टक्क्यांपलीकडे जाऊ नये! मग जॅक लावून, व्हॉल्व्ह माथ्यावर आणून, त्या पातळीपर्यंत, म्हणजे सुमारे पाऊण टायर, पाणी भरण्यात आले आणि पुढे बिडाची वजने अडकवली गेली. पुन्हा मोजले तेव्हा २४ मीटर भरले.

पुढच्या वजनांचे प्रयोजन केवळ ओढीपुरते नाही. मागचे अवजार उचलले असता एकूण वजनाचा पाचवा हिस्सा तरी पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे, एरवी वळणावर स्टीअरिंग ऐकत नाही आणि चालकाच्या जिवावर बेतते.

रोटाव्हेटरची गोष्ट निराळी: त्याची फिरती पातीच यंत्राला पुढे ढकलतात, आणि फवारणीच्या ब्लोअरला मुख्यतः पीटीओची ताकद हवी. तेथे वाढीव वजन निरुपयोगी, किंबहुना वेलीच्या मुळांजवळची माती दाबून टाकणारे. म्हणून नांगरट आटोपताच वजने उतरवण्याचा आळस करू नये.

मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्र सरकारच्या संस्थेच्या चाचणी अहवालांत यंत्राचे वजन आणि ओढ यांचे आकडे मिळतात. खरेदीपूर्वी तो अहवाल विक्रेत्याकडे आग्रहाने मागावा, आणि पुढची वजने किमतीत धरली आहेत की नाहीत, हे पावती होण्याआधीच लेखी ठरवून घ्यावे.