फोन मालकाचा, पण बोलणे कोणाचे?

गेल्या वर्षी रावेर कोर्टाच्या आवारात एक तरुण माझ्याकडे आला. बी.कॉम. झालेला, तालुक्यातल्याच एका खाजगी पेढीवर कारकून. चेहरा उतरलेला. म्हणाला, "साहेब, मी तुमच्याशी फोनवर बोललो ते शेठला शब्दन् शब्द माहीत आहे."

चार दिवसांपूर्वी जेवणाच्या सुटीत त्याने पेढीच्या फोनवरून मला विचारले होते, की पगारातून प्रॉव्हिडंट फंड दर महिन्याला कापला जातो पण खात्यावर दिसत नाही, काय करावे? मी म्हणालो होतो, पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेव आणि लेखी तक्रार दे. दोन मिनिटांचे बोलणे. चौथ्या दिवशी मालकाने त्याला केबिनमध्ये बोलावून हसत विचारले, "काय, चिठ्ठ्या जपून ठेवल्या ना?"

चौकशी केली तेव्हा कळले. पेढीत सहा टेबलांवर सहा फोन, आणि सगळे एका पेटीला जोडलेले. या पेटीला ईपीएबीएक्स म्हणतात. दिवाळीत जुनी पेटी काढून नवी बसवली, तिला संभाषण नोंदवणारे यंत्र जोडले. कोण कोणत्या नंबरशी किती वेळ बोलला याची यादी तर निघतेच, वर आवाजही साठवला जातो. सहापैकी एकाही नोकराला कोणी एक शब्द सांगितला नव्हता.

मालकाची बाजू मला कळत नाही असे नाही. रावेर-सावद्याच्या केळीचा व्यापार फोनवरच वाढला. दिल्लीच्या बाजाराचा भाव ट्रंक कॉलवर यायचा आणि त्यावर इथे मालाच्या गाड्या भरायच्या. सकाळचा भाव एखाद्या नोकराने दुसऱ्याच्या कानी घातला तर मालकाचे नुकसान होते, हे खरेच आहे. बँक आणि विमा कंपनी ग्राहकाचे बोलणे नोंदवते, त्यातही गैर नाही, उद्या वाद झाला तर पुरावा लागतो. पण ट्रंक कॉलच्या काळात मधला ऑपरेटर सगळे ऐकू शकत असे, म्हणून १८८५ च्या तार कायद्यात कलम २६ होते. ऐकलेले बाहेर फोडणाऱ्या तार कर्मचाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. इंग्रजाला जे सुचले ते आमच्या शेठला सुचू नये?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएलच्या याचिकेत सांगितले की फोनवरचे बोलणे हा खाजगी जीवनाचा भाग आहे आणि टॅपिंगने कलम २१ ला धक्का लागतो. २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणाला मूलभूत हक्क ठरवले. त्याच आधारावर ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका व्यावसायिकाचे फोन टॅप करण्याचे सरकारी आदेश रद्द केले आणि नोंदवलेली संभाषणे नष्ट करायला सांगितली. हे सर्व निकाल मोलाचे आहेत. पण ते सरकारविरुद्ध आहेत. शेठ म्हणजे सरकार नव्हे.

खाजगी रेकॉर्डिंगचा प्रश्न आला की आजही मलकानी खटला पुढे केला जातो. १९६४ साली मुंबईच्या कॉरोनरने एका डॉक्टरकडे लाच मागितली. डॉक्टरच्या संमतीने पोलिसांनी त्याच्या फोनला टेप जोडला, आणि १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुरावा ग्राह्य धरला. तिथे बोलणाऱ्या दोघांपैकी एक जण राजी होता. पेढीवरच्या फोनवर मी आणि माझा पक्षकार बोलत होतो. दोघांनाही पत्ता नव्हता. ऐकणारा तिसराच. २०२३ च्या दूरसंचार कायद्यातील कलम ४२ बेकायदा संदेश अडवून ऐकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड सांगते. मालकाचा वकील म्हणणार, पेटी माझी, तार माझी, बिल माझे, यात अडवले काय?

वकिलाशी झालेले बोलणे गुप्त असते, असे आपण धरून चालतो. साक्ष अधिनियमाचे कलम १३२ आहेच. पण ते माझ्या तोंडाला कुलूप लावते, शेठच्या कानाला नाही.

नवा डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवली गेली. पण कलम ७ वाचा. नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी नोकराची माहिती त्याच्या संमतीवाचून वापरता येते. नुकसान कशाला म्हणायचे? प्रॉव्हिडंट फंडाची तक्रार झाली तर मालकाचे नुकसानच होते की!

आणि समजा संमती लागली, तरी ती कशी मिळते हे आपण जाणतो. रुजू होताना दहा कागदांवर सह्या घेतात, त्यात अकरावा. बाबासाहेबांनी मार्च १९४७ मध्ये संविधान सभेपुढे ठेवलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात नागरिकाच्या घराला आणि कागदपत्रांना बेकायदा झडतीपासून संरक्षण मागितले होते. डिसेंबर १९४८ मध्ये वऱ्हाड-मध्यप्रांताचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी तशीच दुरुस्ती आणली, बाबासाहेबांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखवली, पण सभागृहाने फेटाळली. त्याच निवेदनात बाबासाहेबांनी आणखी एक गोष्ट मांडली आहे, तिचा आपल्याकडे फार कमी उल्लेख होतो. भुकेल्या बेकारासमोर नोकरी आणि हक्क यातले एक निवडायची वेळ आली तर तो हक्क सोडून देतो, आणि सरकारने हात काढून घेतला की जे उरते ती खाजगी मालकाची हुकूमशाही असते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. अकराव्या कागदावरची सही म्हणजे तेच.

परदेशातला एक खटला आपल्या कार्यकर्त्यांनी पाठ करावा असा आहे. इंग्लंडमधील मर्सीसाइड पोलिसांत ॲलिसन हालफर्ड या असिस्टंट चीफ कॉन्स्टेबल होत्या. स्त्री म्हणून बढती नाकारली अशी तक्रार त्यांनी १९९० साली केली. त्या तक्रारीत त्यांच्याविरुद्ध वापरायला माहिती मिळावी म्हणून त्यांच्या कार्यालयातले फोन ऐकले गेले. सरकार म्हणाले, फोन आमचा, खात्याच्या आतल्या यंत्रणेवरचा. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने जून १९९७ मध्ये ते मानले नाही. कार्यालयातून केलेला फोनही खाजगी जीवनात येतो, आणि ऐकले जाईल अशी सूचना त्यांना दिलेली नव्हती, असे सांगून दहा हजार पौंड भरपाई दिली. अन्यायाची तक्रार करणाऱ्याचाच फोन आधी ऐकला जातो, हे रावेरला जितके खरे तितकेच तिकडे.

आपल्यासाठी यात आणखी एक काटा आहे. आपल्या माणसाच्या फोनची सुरुवात 'जय भीम'ने होते. आडनावावरून जे कळत नाही ते त्या दोन शब्दांनी कळते. या मुलाने पेढीवर स्वतःहून जात सांगितली नव्हती, कोणी विचारलीही नव्हती. यंत्र बसल्यानंतर त्याच्या पाण्याच्या ग्लासाबद्दल पहिल्यांदा शेरा आला. आता आईचा फोन आला की तो नुसते "हं, बोल" म्हणतो. आई मला विचारत होती, पोराचे काही बिनसले आहे का?

आम्ही नोटीस दिली. मागण्या साध्या आहेत. रेकॉर्डिंग होते हे प्रत्येक नोकराला लेखी कळवा, कोण ऐकतो आणि किती दिवस ठेवतो ते सांगा, आणि घरच्या व वकिलाच्या बोलण्यासाठी एक फोन यंत्राबाहेर ठेवा. ज्यांच्यावर अशा टेपवरून खातेनिहाय चौकशी लागली आहे त्यांनी तुकडा ऐकून कबुली देऊ नये. संपूर्ण रेकॉर्डिंगची प्रत लेखी मागावी. प्रकरण कोर्टात गेले तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र आहे का ते पाहावे. बहुतेक मालकांकडे ते नसते.

उत्तर अजून आलेले नाही. गेल्या आठवड्यात त्या तरुणाचा पेढीवरूनच फोन आला. "साहेब, त्या केळीच्या गाडीच्या भाड्याचे विचारायचे होते," एवढे बोलून त्याने ठेवला. माझा आणि केळीच्या गाडीचा काय संबंध! संध्याकाळी साडेसहाला तो पगाराच्या चिठ्ठ्या घेऊन माझ्या ऑफिसच्या पायरीवर बसलेला होता.